शेवटचा पास

५ एप्रिल २०१६, मंगळवार. इंदूरच्या मल्हारगंजात पोह्यांच्या दुकानांवर गर्दी सुरू झाली होती आणि तिकडे ह्यूस्टनमध्ये आदल्या रात्रीचे सव्वाआठ वाजून गेले होते. अमेरिकी विद्यापीठांच्या बास्केटबॉलची अंतिम लढत होती, व्हिलानोव्हा विरुद्ध नॉर्थ कॅरोलायना. भाच्याने लॅपटॉपवर सामना लावला आणि मी, विद्यापीठाच्या संघात गार्ड म्हणून खेळलेली त्याची मावशी, डबे भरायचे सोडून समोर बसले.

मध्यंतराला नॉर्थ कॅरोलायना ३९-३४ ने पुढे होती. पाच मिनिटं उरली तेव्हा व्हिलानोव्हाकडे दहा गुणांची आघाडी होती. तीही वितळली. मार्कस पेजने हवेतच शॉट क्षणभर रोखून, तोल गेलेला असताना तीन गुणांची बास्केट केली. ७४-७४, आणि घड्याळात ४.७ सेकंद! मी ओरडले तशी शेजारच्या काकू दारात येऊन उभ्या राहिल्या.

टाइमआउटनंतरचं एक दृश्य मला फार आवडतं. व्हिलानोव्हाचा उंचापुरा सेंटर डॅनियल ओचेफू स्वतः मॉप घेऊन ओली फरशी पुसत होता. त्याच जागी त्याला स्क्रीन लावायची, म्हणजे बचावपटूची वाट अडवून उभं राहायचं होतं, सोबत्याचा पाय घसरायला नको.

मग क्रिस जेनकिन्सने रेषेबाहेरून चेंडू रायन आर्किडियाकोनोला दिला. रायनचं ते शेवटचं वर्ष. चार वर्षं खेळलेल्या पोराने असा शॉट स्वतः घेतला असता तर कोण बोललं असतं? पण आत चेंडू देणाऱ्याकडे बचाव करणाऱ्यांचं हमखास दुर्लक्ष होतं, हे गार्डला कळतं. मागून धावत येणाऱ्या जेनकिन्सने हाक मारली, रायनने चेंडू त्याच्या हातात ठेवला. बझर वाजला तेव्हा चेंडू हवेत होता. ७७-७४. व्हिलानोव्हाला १९८५ नंतर पहिलं विजेतेपद मिळालं. हरलेल्या संघात नेट ब्रिट होता, ज्याच्या आईवडिलांनी २००७ पासून जेनकिन्सला आपल्या घरी वाढवलं. एकाच घरातली दोन मुलं, एक नाचतोय, एक मान खाली घालून उभा. मला दोघांसाठी रडू आलं.

सगळ्या जगाने जेनकिन्सचा शॉट लक्षात ठेवला. माझ्या लेखी तो सामना रायनच्या पासचा आहे. आमच्या आंतरविद्यापीठ सामन्यांत टेबलावरच्या स्कोअरशीटवर गुण आणि फाउल लिहिले जायचे, पास कुणी दिला याला तिथे रकानाच नसायचा. त्यामुळे घरी गेल्यावर प्रश्नही एकच असे, किती बास्केट केल्यास?

आज रेसकोर्स रोडच्या बास्केटबॉल कॉम्प्लेक्समध्ये मुलांना सोडायला येणाऱ्या आईबापांना माझी विनंती आहे. मूल घरी परतलं की आधी विचारा, आज कुणाला चांगला पास दिलास?