भैरवगढला निघताना घरून काय ठरवावं?

पूर्वी सुट्टी ठरली की माळ्यावरची बॅग खाली यायची. आता आधी मोबाईल उघडतो. गाडीचं तिकीट, हॉटेलची खोली, देवाचं दर्शन, सगळं घरबसल्या ठरतं. घरातला मुलगा मित्रांबरोबर बर्फात जाणार असेल तर तो स्की आणि बूटसुद्धा भाड्याने ठरवायला बघतो. निघायच्या आधी सगळं हातात असलं की मनाला बरं वाटतं, हे खरंच आहे. पण काय काय आधी ठरवता येतं आणि काय नाही, याचा विचार आपण फारसा करत नाही.

स्कीचंच उदाहरण घ्या. परदेशात स्की भाड्याने देणाऱ्या दुकानांच्या अर्जात उंची, वजन, वय, पायाचं माप आणि आजवर किती स्कीइंग केलंय, असं सगळं विचारतात. वाचताना वाटतं, यांना हव्यात कशाला एवढ्या चौकशा? पण त्याला कारण आहे. बूट स्कीला धरून ठेवणारी जी पकड असते, ती किती घट्ट ठेवायची हे या माहितीवर ठरतं. माणूस पडला तर ती सुटली पाहिजे, नाहीतर पाय पिरगळतो. आणि चालता चालता उगाच सुटली तरी माणूस पडतो. त्यामुळे लाजेखातर वजन कमी सांगून चालत नाही. एवढं सांगूनही दुकानात गेल्यावर बूट पायात घालून बघावाच लागतो. बुकिंगने वस्तू राखून ठेवली जाते, माप मात्र तिथेच जुळवावं लागतं.

आपल्याकडची बरीच कुटुंबं बर्फाकडे क्वचित जातात, उज्जैनला मात्र नक्की जातात. उज्जैनच्या यादीत भैरवगढ हे नाव असतंच. तिथलं म्हणाल तर हाच हिशेब लागू पडतो, फक्त मापं वेगळी.

भैरवगढ म्हणजे उज्जैन शहराच्या उत्तरेला, क्षिप्रेच्या काठचा जुना भाग. बोलण्यात लोक भेरूगढ म्हणतात. महाकाल मंदिरापासून पाच-सहा किलोमीटर. आपल्या सह्याद्रीत भैरवगड नावाचे एकापेक्षा जास्त किल्ले आहेत, त्यामुळे मोबाईलवर शोधताना उज्जैन हे नाव जोडायला विसरू नका, नाहीतर मोरोशीच्या कड्याचे फोटो समोर येतील! इथे काळभैरवाचं देऊळ आहे, नदीकाठी सिद्धवट आहे आणि मेणाच्या छपाईचं, म्हणजे बाटिकचं काम करणारी घरं आहेत. मध्यवर्ती कारागृहही इथेच आहे.

आधी प्रवासाचं बघू. बेळगाव, हुबळीकडच्या लोकांना म्हैसूर–अजमेर एक्सप्रेसने रतलामला उतरता येतं, तिथून उज्जैन साधारण शंभर किलोमीटर. पुण्याहून इंदूरला जाणारी गाडी उज्जैनवरूनच जाते. रेल्वेचं आरक्षण पूर्वी 120 दिवस आधी मिळायचं, 1 नोव्हेंबर 2024 पासून ती मुदत 60 दिवसांवर आली. त्यामुळे चार महिने आधीपासून हुरहूर लावून घ्यायचं कारण उरलं नाही.

महाकालाची भस्मारती हे मात्र खरंच घरून ठरवण्याचं काम. पहाटे चारच्या सुमाराची ही आरती, बसायची जागा मोजकी, आणि नाव नोंदवताना ओळखपत्र लागतं. जे ओळखपत्र अर्जात दिलं तेच बरोबर ठेवा. नोंदणी मंदिर समितीच्या अधिकृत संकेतस्थळावरच करा. ‘आम्ही आरतीचा पास काढून देतो’ म्हणणाऱ्या अनोळखी फोनवर पैसे पाठवू नका. 2023 च्या जुलैत गाभाऱ्यातला सर्वसामान्य भाविकांचा प्रवेश बंद करण्यात आला. तेव्हा ‘गाभाऱ्यात नेतो, सोवळं भाड्याने घ्या’ असं कुणी सांगू लागलं, तर आधी मंदिराच्या कार्यालयात विचारा.

इथे एक मोठा घोटाळा संभवतो तो पंचांगाचा. मराठी आणि कन्नड, दोन्ही घरांत महिना अमावास्येला संपतो. माळव्यात तो पौर्णिमेला संपतो. शुक्लपक्ष दोघांचा एकच, वद्यपक्षाचं नाव मात्र तिथे एक महिना पुढचं. म्हणजे त्यांचा श्रावण आपल्यापेक्षा पंधरा दिवस आधी सुरू होतो आणि आपला श्रावण वद्य तिथे भाद्रपद कृष्ण असतो. ‘श्रावणी सोमवार गाठायचा’ म्हणून तिकीट काढणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. गंमत अशी की महाकालाची सवारी तिथे श्रावण संपल्यावरही भाद्रपदाच्या पहिल्या पंधरवड्यात निघते, आणि तो पंधरवडा म्हणजे आपला श्रावणच! म्हणून तारीख ठरवताना तिथीचं नाव बघू नका, इंग्रजी तारीख बघा.

आता काळभैरव. गडहिंग्लजच्या काळभैरीला जाणाऱ्या आपल्या माणसांना हा देव परका नाही. उज्जैनच्या काळभैरवाला मद्याचा नैवेद्य दाखवतात. पुजारी बशीत थोडं ओतून मूर्तीच्या मुखाला लावतात, बशी रिकामी होते, आणि बाटलीत उरलेलं प्रसाद म्हणून परत देतात. पूर्वी देवळाबाहेर दुकानं होती. 1 एप्रिल 2025 पासून मध्य प्रदेश सरकारने उज्जैनसह अनेक तीर्थक्षेत्रांत दारूविक्री बंद केली, तेव्हा ती दुकानंही बंद झाली. नैवेद्याची प्रथा चालू राहिली. ज्या घरात ही गोष्ट चालत नाही त्यांनी अवघडून जायचं कारण नाही. नारळ आणि फुलं वाहून दर्शन घेणारे पुष्कळ असतात.

या देवाच्या डोक्यावरची पगडी मात्र नीट बघा. महादजी शिंद्यांनी आपली पगडी या भैरवाला अर्पण केली, अशी परंपरा सांगतात. शिंद्यांची राजधानी 1810 मध्ये ग्वाल्हेरला हलण्याआधी उज्जैनला होती. महाकालाचं देऊळही अठराव्या शतकात राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी नव्याने उभं केलं. इतक्या लांब येऊन आपल्या ओळखीची पगडी दिसली की घरातली थोरली माणसं थबकतात. त्यांना थबकू द्यावं. मागून रांग ढकलत असते, पण आपल्या माणसांनी तरी ढकलू नये.

काळभैरवापासून जवळच सिद्धवट. प्रयागच्या अक्षयवटासारखंच या वडाला मानतात. पार्वतीने तो लावला, अशी कथा आहे. पुढे कुणा राज्यकर्त्याने तो तोडून वर लोखंडी तवे ठोकले, तरी तवे फोडून पालवी आली, असंही सांगतात. इथे पितरांसाठी पिंडदान, तर्पण होतं. पितृपंधरवड्यात फार गर्दी असते.

आमच्या शेजारी एक घर आहे. सासर मराठी, सूनबाई धारवाडच्या, त्यामुळे घरातल्या आजीला सगळी गल्ली अज्जी म्हणते. यांच्या मुलाने उज्जैनचा सगळा बेत कागदावर उतरवून फ्रिजला लावला होता. पहाटे चारला आरती, नऊला काळभैरव, दहाला सिद्धवट, साडेदहाला इंदूर. अज्जींनी चष्मा लावून कागद वाचला आणि म्हणाल्या, ‘‘बाळ, तुझ्या बाबांचं तर्पण अर्ध्या तासात बसवलास होय रे? मी त्या एका कामासाठी येणार हाय. बाकीचं सगळं तुमचं.’’ सूनबाईंनी कागद काढला आणि सिद्धवटापुढची सगळी कामं खोडून टाकली. मुलगा म्हणाला, ‘‘अगं, इंदूरची खोली बुक झालीय.’’ सूनबाई म्हणाल्या, ‘‘अहो, खोली रात्रीपर्यंत वाट बघेल.’’

या घरातला प्रश्न बऱ्याच घरांत असतो. आपण जे आधी बुक करतो त्यालाच वेळ मिळतो. ज्याचं बुकिंग नसतं ते उरल्यासुरल्या वेळात कोंबलं जातं. आणि थोरल्यांची इच्छा बहुधा त्या बुकिंग नसलेल्या कामात असते. त्यांची गुडघेदुखी, घाटाच्या पायऱ्या, मंत्र म्हणताना येणारं रडू, यांचा रकाना कुठल्याच अर्जात नाही.

सिद्धवटालाही माहिती विचारतात, पण ती वेगळी. गोत्र कोणतं, गाव कुठलं, वडील, आजोबा, पणजोबा यांची नावं काय, आईकडची नावं काय? ही माहिती निघायच्या आधी घरातल्या थोरल्यांना विचारून एका कागदावर स्वच्छ लिहून घ्या. मृत्यूची तिथी आपल्या पंचांगाची की तिकडच्या, हेही लिहा आणि बाजूला इंग्रजी तारीख टाका. उज्जैनच्या तीर्थपुरोहितांकडे यजमानांच्या जुन्या वह्या असतात, गावाच्या नावाने ते पान शोधतात. आपल्या सीमाभागात राज्याची नावं बदलली, 1956 पूर्वी बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात होता आणि 2014 पासून शहराचं अधिकृत नाव बेळगावी झालं. तेव्हा केवळ राज्य सांगून थांबू नका. मूळ गाव, तालुका आणि आडनाव जुन्या पद्धतीने सांगा. पान सापडलं तर पणजोबांची सहीसुद्धा बघायला मिळू शकते. विधीला काय काय करायचं आणि दक्षिणा किती, हे आसनावर बसायच्या आधी मोकळेपणाने बोलून घ्या. विधीच्या मधे हिशेब काढला की सगळ्यांचंच मन विटतं.

शेवटी बाटिक. उज्जैनच्या बाटिक छपाईला 2023 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. कापडावर वितळलेल्या गरम मेणाने नक्षी काढतात. जिथे मेण तिथे रंग चढत नाही. मग थंड पाण्याच्या रंगात बुडवतात, पुन्हा मेण, पुन्हा रंग, आधी फिका मग गडद. शेवटी उकळत्या पाण्यात मेण निघून जातं. रंगवताना मेणाला तडे जातात आणि त्या तड्यांतून रंग आत शिरतो. बाटिकच्या कापडावर बारीक शिरा दिसतात त्या याच. म्हणूनच दोन चादरी कधी तंतोतंत सारख्या होत नाहीत आणि मोबाईलवर बघितलेला फोटो हा फक्त अंदाज असतो.

चादर किंवा साडी तयार मिळते. पण पडदे करून घ्यायचे असतील तर दाराचं माप घरून लिहून न्या, नऊवारी नेसणाऱ्या आजीसाठी हवं असेल तर लांबी आधी सांगा, आणि करून पाठवायला किती दिवस लागतील ते विचारा. रंग एकमेकांवर चढायला आणि वाळायला वेळ लागतो, त्याला घाई चालत नाही. शहापूरच्या मागावर साडी विणताना पाहिलेल्यांना हे सांगायला नको. मुलांना बरोबर न्या, फक्त गरम मेणापासून लांब उभं करा. पहिल्या दोन-तीन धुण्यांना हे कपडे वेगळे धुवा.

पुढचा सिंहस्थ 2028 मध्ये आहे. त्या वेळी उज्जैनची गर्दी काही औरच असेल, तेव्हा थोरल्यांना घेऊन निवांत जायचं तर त्याच्या आधीच जाऊन यावं. गाडी आणि आरतीचं घरून ठरवा. कागदावर नावं, तिथ्या आणि दाराची मापं लिहा. आणि भैरवगढसाठी एक अख्खा दिवस मोकळा सोडा. त्या दिवसाचं बुकिंग फक्त घरातल्या सगळ्यात थोरल्या माणसाच्या नावाने असू द्या.