खुनी आधी सांगणारा माणूस

रहस्यपट बघताना खुनी कोण हे मध्यंतराआधी ओळखायचं आणि शेजारच्याला सांगूनही टाकायचं, ही माझी जुनी खोड. खोड हे आता म्हणतोय. तेव्हा मी तिला बुद्धी म्हणत होतो. खुनी ओळखता आला तर चित्रपट सामान्य, नाही आला तर बरा, आणि एकदा कळला की सोडवलेल्या शब्दकोड्यासारखा तो रद्दीत. पुन्हा कशाला बघायचा? माझी सगळी नोकरी हिशेबतपासणीत गेली. समोर आलेल्या कागदातली विसंगती शोधायची, ती सापडली की फाइल बंद करायची. चित्रपटांनाही मी तोच नियम लावत होतो.

त्यातून जुने कृष्णधवल इंग्रजी डिटेक्टिव्ह चित्रपट म्हटले की मी नाक मुरडायचो. तिरक्या टोप्या, ओव्हरकोट, सिगारेटचा धूर, घाईघाईत बोलणारी माणसं, आणि शेवटी सगळ्या संशयितांना एका खोलीत बसवून ठोकलेलं भाषण. बेसिल रॅथबोनने 1939 ते 1946 या काळात शेरलॉक होम्सचे चौदा चित्रपट केले. पहिल्या दोनांनंतर त्यातला होम्स व्हिक्टोरिया राणीचा काळ सोडून थेट दुसऱ्या महायुद्धात आला आणि काही चित्रपटांत तर नाझी हेरांच्या मागे लागला, हे कुठेतरी वाचलं तेव्हा मी हसून घेतलं होतं. नायजेल ब्रूसचा वेंधळा वॉटसन हा मूळ पुस्तकांचा अपमान आहे, असंही चारचौघांत सांगत असे. यातला एकही चित्रपट मी तोवर पुरता पाहिला नव्हता. मत मात्र ठाम होतं.

माझा मामा या चित्रपटांचा वेडा. तो गिरगावचा. तरुणपणी मेट्रोला जाऊन इंग्रजी चित्रपट बघायचा. मेट्रो हे एमजीएम कंपनीने 1938 मध्ये स्वतःच उभारलेलं थिएटर, त्यामुळे हॉलिवूडचा एक तुकडाच धोबीतलावाला आणून ठेवलाय असं मामाला वाटत असणार. हम्फ्री बोगार्ट, विल्यम पॉवेल, मर्ना लॉय, सिडनी ग्रीनस्ट्रीट, पीटर लॉरी ही नावं तो आमच्या नातेवाइकांच्या नावांसारखी घ्यायचा. पुढे डीव्हीडी आल्या तेव्हा त्याने एक कपाटच भरलं. रविवारी दुपारी जेवणं झाली की एक चित्रपट, बहुतेक वेळा आधी पाहिलेलाच. ‘‘मामा, खुनी माहीत असताना तू परत काय बघतोस?’’ असं मी विचारायचो. तो म्हणायचा, ‘‘अरे, माणसं बघतो.’’ हे उत्तर मी मनात कधी घेतलंच नाही. म्हातारपणी वेळ जात नाही, एवढाच अर्थ मी लावला.

अशाच एका रविवारी त्याने ‘द माल्टीज फाल्कन’ लावला. 1941 चा, जॉन ह्यूस्टनने दिग्दर्शित केलेला पहिलाच चित्रपट. मामी, मामेबहीण, तिची मुलं असे सगळे बसले होते. डिटेक्टिव्हच्या भागीदाराचा खून सुरुवातीलाच होतो. अर्धा चित्रपट व्हायच्या आत मी खुनी जाहीर केला, वर कारणंही दिली. मुलं माझ्याकडे बघायला लागली. मामा काही बोलला नाही. त्याने रिमोट उचलला, आवाज थोडा वाढवला आणि पुढे बघत राहिला. शेवटी मीच बरोबर निघालो. सगळ्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. त्या नजरांत कौतुक आहे असं मी धरून चाललो. इतक्या हुशार माणसाला एवढी साधी नजर वाचता येऊ नये! त्यानंतर मला रविवारचं बोलावणं आलं नाही, आणि ते येत नाही हेसुद्धा मला फार उशिरा कळलं.

मामाने कधीतरी वाढदिवसाला दिलेली ‘द थिन मॅन’ची डीव्हीडी माझ्याकडे वेष्टनासकट पडून होती. टाळेबंदीत बघण्यासारखं सगळं बघून संपल्यावर एका रात्री मी ती फोडली. सवयीप्रमाणे वही घेऊन बसलो. संशयितांची नावं, कोण कधी कुठे होता, कोण काय बोललं. न्यूयॉर्कमधला एक विक्षिप्त संशोधक बेपत्ता होतो, त्याच्या सेक्रेटरीचा खून होतो. निक चार्ल्स (विल्यम पॉवेल) हा निवृत्त डिटेक्टिव्ह. त्याची बायको नोरा (मर्ना लॉय) गडगंज श्रीमंत. दोघं नाताळासाठी न्यूयॉर्कला आलेले. निकला तपास नकोय, त्याला प्यायचंय. अमेरिकेतली दारूबंदी डिसेंबर 1933 मध्ये उठली आणि चित्रपट आला मे 1934 मध्ये, तेव्हा त्याच्या तहानेला इतिहासाचाही आधार होता म्हणा.

नोरा पहिल्यांदा दिसते ती हॉटेलच्या बारमध्ये शिरताना. शिरताना म्हणजे काय, हातात खरेदीचे डबे, पुढे साखळी ओढणारा कुत्रा, आणि बाई सपशेल तोंडावर पडते. उठते, कपडे सावरते, आणि काही घडलंच नाही अशा थाटात नवऱ्यापाशी येते. तुझे किती झाले, असं त्याला विचारते. हा सहावा, असं कळल्यावर वेटरला आणखी पाच ओळीने मांडायला सांगते. बरोबरी झाली पाहिजे ना! मी हसलो, आणि वहीत वेळ टिपून पुढे निघालो.

मग नाताळची सकाळ येते. पॉवेल सोफ्यावर आडवा, हातात छऱ्यांची बंदूक. त्याला भेट मिळालीय ती. पडल्यापडल्या तो झाडावर टांगलेले फुगे फोडतोय. कधी सरळ नेम, कधी भलत्याच कोनातून, पोरकटपणाच सगळा. मर्ना लॉय घरातच नवा फरकोट घालून बसलीय आणि त्याच्याकडे बघतेय. बोलणं जवळजवळ नाहीच. तिच्या चेहऱ्यावर थोडा कंटाळा आहे, थोडी दया आहे, आणि या माणसाबरोबर कितीही वर्षं असंच बसता येईल अशी एक निवांत खात्री आहे. दृश्य संपलं. मी रिमोट घेतला आणि ते मागे नेलं.

इथे मी अडकलो. आजवर चित्रपट मागे न्यायचा तो निसटलेला धागा पकडायला. कुणाच्या खिशात किल्ली होती, घड्याळात किती वाजले होते. या दृश्यात तसलं काहीच नव्हतं. खुनाशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. वही मांडीवर उघडी होती आणि लिहिण्याजोगी एक ओळही सुचत नव्हती. तरी मी ते तिसऱ्यांदा पाहिलं. या वेळी पॉवेलकडे न बघता फक्त लॉयकडे. ती काय करते? काही करत नाही. नेम लागला की तिची नजर किंचित हलते. या दोघांनी मिळून चौदा चित्रपट केले आणि ते खरेच नवरा-बायको आहेत असं त्या काळी कित्येकांना वाटायचं, हे मला नंतर कळलं. त्या रात्री मला एवढंच दिसत होतं, की माझ्या तपासणीत जे कधीच बसलं नसतं तेच या चित्रपटातलं सगळ्यात चांगलं होतं. मामाचं ‘माणसं बघतो’ तेव्हा आठवलं. आणि कानकोंडं व्हायला झालं, कारण माझ्या घरातल्या माणसांचंही बोलणं मी असंच ऐकत आलो होतो. मुद्दा कळला की पुढचं कानाआड.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला खुन्याचं नाव आठवेना. वही उघडून बघावं लागलं.

एका रात्रीत माणूस बदलत नाही. मी पळवाट शोधली. म्हटलं, हा तर विनोदी चित्रपट, रहस्य नावापुरतं. डब्ल्यू. एस. व्हॅन डाइक या दिग्दर्शकाने तीन आठवड्यांच्या आत उरकलेलं काम, त्यात रहस्याची बांधणी कसली असणार? शेवटच्या मेजवानीच्या दृश्यात संशयितांपुढे ठेवलेले तीच ती कालवं प्रखर दिव्यांखाली नासायला लागली होती, असं मर्ना लॉयने आठवणींत सांगितलंय. गंभीर रहस्यपटाला माझा नियम लागू आहेच, असं मी स्वतःला बजावलं. तो नियम मोडला ‘द बिग स्लीप’ने, आणि तो असा मोडला की माझ्याजवळ अपील करायला जागा उरली नाही.

हॉवर्ड हॉक्सचा हा चित्रपट रेमंड चँडलरच्या 1939 च्या कादंबरीवरचा. पटकथाकारांत विल्यम फॉकनरचं नाव आहे. त्यात एका श्रीमंत घराच्या ड्रायव्हरचं प्रेत समुद्रातून काढलेल्या गाडीत सापडतं. चित्रीकरण चालू असताना प्रश्न आला, की हा खून की आत्महत्या? चँडलरला तार केली गेली. त्याने पुढे एका पत्रात कबूल केलंय, की त्यालाही ते माहीत नव्हतं! कादंबरीच्या लेखकालाच. हे वाचून माझ्यातला हिशेबतपासनीस हादरला.

पुढचं त्याहून वाईट, म्हणजे माझ्या दृष्टीने. चित्रपट 1945 मध्ये तयार होता. पण युद्ध संपत आल्यामुळे वॉर्नर कंपनीला युद्धपट आधी खपवायचे होते, म्हणून हा मागे ठेवला. परदेशातल्या सैनिकांना तो दाखवला गेला. मधल्या काळात त्यातले नायक-नायिका बोगार्ट आणि लॉरेन बकॉल यांचं लग्न झालं. बकॉलचा दुसरा एक चित्रपट आपटला, आणि तिच्या एजंटाने स्टुडिओला गळ घातली, की तिची बोगार्टबरोबरची दृश्यं वाढवा. 1946 च्या सुरुवातीला नवी दृश्यं घेतली. ती बसवताना जुनी काढावी लागली. काय काढलं? ज्यात डिटेक्टिव्ह मार्लो तोवरच्या गुंत्याचा पद्धतशीर उलगडा सांगतो, ते दृश्य. काय घातलं? दोघं एका टेबलाशी बसून घोड्यांच्या शर्यतीबद्दल बोलतात, आणि ते बोलणं घोड्यांबद्दल नाही हे लहान पोरालाही कळावं.

1945 ची प्रत 1997 मध्ये लोकांसमोर आली. मी दोन्ही पाहिल्या, लागोपाठ. उलगडा असलेली प्रत जास्त समजते. आणि ती कमी चांगली आहे. मी पुन्हा तपासलं, कारण हे मान्य करणं मला जड जात होतं. ज्या दृश्यासाठी मी आयुष्यभर रहस्यपट बघत आलो तेच दृश्य कापल्यावर चित्रपट सुधारला होता. त्यातच पुस्तकांच्या दुकानातला प्रसंग आहे. बाहेर पाऊस, मार्लोला समोरच्या दुकानावर पाळत ठेवायचीय. दुकानातली मुलगी (डॉरथी मलोन) त्याला हवी ती माहिती देते. खरं तर तिथे काम संपलं. पण ती दार लावते, पडदा खाली ओढते, चष्मा काढते. तपास दोन मिनिटं थांबतो, आणि कुणाचीही तक्रार नसते.

खरं म्हणजे हे मला लहानपणीच माहीत असायला हवं होतं. बाबूराव अर्नाळकरांच्या पुस्तकांवर आम्ही तुटून पडायचो ते काय कोडी सोडवायला? झुंजार कसा येतो, काय ऐटीत बोलतो, काळा पहाड कुठून उगवतो, यासाठी. धनंजय-छोटू गुन्हेगाराला पकडणार हे पहिल्या पानावरच ठाऊक असायचं. मोठा होताना मी ते सोडलं आणि त्याला प्रगल्भता समजलो.

काळ्या-पांढऱ्या रंगाबद्दलही माझं अज्ञानच होतं. रंगीत चित्रपट तेव्हा निघत होते, ‘गॉन विथ द विंड’ 1939 चा आहे. रंग महाग होता हे खरं, पण काळ्या-पांढऱ्यात काम करणाऱ्यांना त्याची उणीव भासत होती असं पडद्यावर तरी दिसत नाही. ‘माल्टीज फाल्कन’मध्ये डिटेक्टिव्हच्या कचेरीच्या खिडकीवरची अक्षरं सावली होऊन जमिनीवर पडतात, दोन भागीदारांची नावं. शेवटी एका चेहऱ्यावर लिफ्टच्या जाळीचे गज येतात. कुणाच्या, ते सांगत नाही. ‘थिन मॅन’चा कॅमेरा जेम्स वाँग हाउ या चीनमध्ये जन्मलेल्या माणसाचा.

त्याच काळात पडद्यावरची चिनी माणसं मात्र गोऱ्यांनी करायची, हेही इथेच लिहितो. चार्ली चॅन हा चिनी डिटेक्टिव्ह कित्येक चित्रपटांत वॉर्नर ओलंड या स्वीडिश नटाने केला. माझी लाडकी मर्ना लॉय 1932 मध्ये फू मांचूची क्रूर मुलगी झाली होती. तो चित्रपट मला बघवला नाही. तिला ऑस्करचं साधं नामांकनही कधी मिळालं नाही. 1991 मध्ये मानद ऑस्कर देऊन अकादमीने चूक झाकली. चुका उशिरा कळणारा मी एकटाच नाही, हे वाचून थोडं बरं वाटलं.

मामाला मी हे सगळं फोनवर सांगितलं. तो ऐकत होता. मग म्हणाला, ‘‘मग फाल्कन बघायला ये परत. पण तोंड बंद ठेवायचं.’’ गेलो. ठेवलं. मामीने दोनदा माझ्याकडे संशयाने पाहिलं.

तुम्ही यातलं काही पाहिलं नसेल तर ‘द थिन मॅन’पासून सुरुवात करा आणि वही घेऊ नका. ‘द बिग स्लीप’ची 1946 ची प्रत आधी बघा, 1945 ची नंतर, कुतूहल उरलं तरच. आणि शेजारी माझ्यासारखा कुणी बसला असेल तर चित्रपट सुरू व्हायच्या आतच त्याला चहा करायला पाठवा.