गाव सोडा, सातबारा सोडू नका

गावाकडे परत चला, अशी हाक हल्ली पुन्हा ऐकू येऊ लागली आहे. मोबाईल उघडला की चुलीवरची भाकरी, उसाचा हिरवागार फड आणि पुण्याची नोकरी सोडून शेतात रमलेला एखादा तरुण दिसतो. गावे ओस पडत आहेत, घरांना कुलपे लागली आहेत, तरुणांनी परत यावे, असा सगळ्यांचा सूर असतो. काळजी खरी आहे. पण परत यायचे म्हणजे नेमके कुठे यायचे? वेशीच्या आत की बाहेर? हे मात्र कोणी विचारत नाही.

आम्ही कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका बौद्ध वस्तीतली माणसे. आमच्या आज्यांच्या पिढीतले काहीजण मुंबईला गिरणीत गेले. वडिलांच्या पिढीने कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथ आणि फौंड्री गाठली. आमच्यातले कोणी शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलच्या एमआयडीसीत आहेत, तर कोणी पिंपरी-चिंचवडला. सकाळी वडापमध्ये कोंबून घेऊन कामाला जायचे आणि रात्री वस्तीवर टेकायला यायचे, असेही बरेच आहेत. गाव सोडणे म्हणजे काय आणि गावात राहणे म्हणजे काय, दोन्ही आम्ही अंगावर काढले आहे.

गावे ओस पडत आहेत हे खोटे नाही. घाटाखाली बघा. 2001 च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या जवळपास 16 लाख 97 हजार होती, 2011 मध्ये ती 16 लाख 15 हजारांवर आली. सिंधुदुर्गचीही घटली. त्याच दहा वर्षांत कोल्हापूर जिल्हा सुमारे दहा टक्क्यांनी वाढला. पण शाहूवाडी, गगनबावडा, आजऱ्याच्या डोंगरातल्या वाड्यांवर जा. म्हातारी माणसे, बंद घरे आणि सणाला येणारी मुंबईची गाडी, हेच चित्र दिसेल.

पण प्रत्येकाचे जाणे सारखे नसते. घरची पाच एकर बागायत भावाच्या हवाली करून पुण्याला जाणारा जातो, तेव्हा त्याचे गाव जाग्यावर असते. कारखान्याचा शेअर, सोसायटीतले मत, देवळाच्या कमिटीतली जागा सगळे शाबूत असते. आमचा माणूस जातो तेव्हा त्याच्यामागे एक खोली आणि म्हातारी आई राहते.

बाबासाहेबांनी आपल्याला शहराची वाट दाखवली ती शहराच्या झगमगाटासाठी नव्हे. 4 नोव्हेंबर 1948 रोजी संविधान सभेत त्यांनी खेड्याच्या गौरवाचा बुरखा फाडला. खेडे हे संकुचितपणाचे आणि अज्ञानाचे डबके आहे, असे त्यांनी बजावले आणि मसुद्याने खेड्याऐवजी व्यक्तीला एकक मानले याचे समाधान व्यक्त केले. हा राग कुठून आला? महार वतनातून. वतनाची चिमूटभर जमीन द्यायची आणि त्या बदल्यात अख्ख्या घराण्याला दिवसरात्र सरकारचे आणि गावाचे काम करायला लावायचे, ही ती व्यवस्था. माणूस जमिनीला बांधलेला आणि जमीन गुलामीला बांधलेली. म्हणून बाबासाहेबांनी 1928 मध्ये मुंबई विधिमंडळात वतन कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक आणले. त्याआधी दहा वर्षे, 1918 मध्ये, राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात महार वतने रद्द करून त्या जमिनी रयताव्याने देण्याचा हुकूम काढला होता. राज्यभरातली वतने जायला मात्र 1958 चा कायदा यावा लागला.

शहराने काय दिले याचा पुरावा कोल्हापुरातच आहे. पाण्याच्या हौदाला हात लावला म्हणून मार खाल्लेल्या गंगाराम कांबळेंनी महाराजांच्या पाठिंब्याने शहरात हॉटेल काढले आणि महाराज स्वतः तिथे चहा प्यायले. गावात हे घडले असते का? गावात प्रत्येकजण प्रत्येकाची जात घेऊन जगतो. शहरातल्या गर्दीत निदान वडापच्या सीटवर कोणी जात विचारत नाही. भाड्याची खोली बघायला गेलो की मात्र आडनाव विचारतात आणि मग खोली 'कालच गेली' असे सांगतात. त्यामुळे शहर म्हणजे मुक्ती, असे आम्ही म्हणणार नाही. शहराने पगार दिला, शाळा दिली, अनोळखीपणाचा आसरा दिला. जात संपवायचे काम आपल्यालाच करावे लागणार आहे.

मग गावाला कायमचा रामराम ठोकावा का? आपले काही कार्यकर्ते तसे म्हणतात. गाव गेले खड्ड्यात, असा त्यांचा त्रागा असतो. हा त्रागा आम्हाला समजतो, पण त्याचा हिशेब त्यांनी मांडलेला नाही. तो मांडून बघू.

ग्रामपंचायतीत अनुसूचित जातीच्या राखीव जागा लोकसंख्येच्या प्रमाणात ठरतात. वस्ती रोडावली की प्रमाण घटते, आणि आज हक्काची असलेली जागा उद्या जाऊ शकते. वस्ती विकासाचा शासकीय निधीही वस्तीतली माणसे मोजूनच मिळतो. माणसे कमी झाली की गटार, रस्ता, समाजमंदिराचे पैसे कमी. ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नातले 15 टक्के मागासवर्गीयांसाठी खर्च करायचे असतात. पण ग्रामसभेत उठून हिशेब विचारणारा तरुण पिंपरीत असेल, तर तो पैसा कुठे जिरतो हे कोण विचारणार? आपण गाव सोडतो तेव्हा गावातली सत्ता आपोआप दुसऱ्याच्या पदरात टाकतो.

जमिनीचे तर विचारूच नका. आमच्या वस्तीच्या वाट्याला वतनाची थोडी जमीन आहे. सातबाऱ्यावर आजही मेलेल्या माणसांची नावे आहेत. वारसांतले काही मुंबईत, काही पुण्यात, दोघांचा पत्ताच नाही. वारस नोंद कोणी केली नाही, मोजणी कोणी मागितली नाही. शेजारच्या शेतकऱ्याचा नांगर दरवर्षी हातभर आत येतो. बांध सरकत सरकत आता निम्म्या वावरापर्यंत आला आहे. ही जमीन पैसे देऊन किंवा दांडगाई करून कोणी घेतलेली नाही, आमच्या गैरहजेरीत ती गेली आहे. राज्यभरात 6 ब म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वतनी जमिनी परवानगीशिवाय विकता येत नाहीत. पण बांध सरकायला कोणाची परवानगी लागते?

आणि आपल्या जिल्ह्यात जमीन म्हणजे फक्त पीक नव्हे. जमीन असेल तर ऊस, ऊस असेल तर कारखान्याचा सभासद, सभासद असेल तर मत, आणि मत असेल तर पुढारी दारात. बिनजमिनीच्या बाईला म्हैस पाळायची झाली तरी वैरणीसाठी दुसऱ्याच्या उसात उतरून वाडं आणावे लागते. दूध डेअरीला जाते, पण म्हशीची दावण दुसऱ्याच्या मर्जीला बांधलेली असते.

गावाकडे परतण्याचा प्रयोग आपल्या लोकांनी दोनदा करून पाहिला आहे. जानेवारी 1982 मध्ये मुंबईचा गिरणी संप सुरू झाला आणि कोकणातले, कोल्हापूर-साताऱ्याचे कामगार गावी आले. मार्च 2020 मध्ये टाळेबंदी झाली आणि पुन्हा सगळे गावी आले. दोन्ही वेळा एकच गोष्ट दिसली. ज्याला रान होते तो रानात गेला. ज्याला नव्हते तो ज्या बांधावरून त्याचा बाप पळाला होता त्याच बांधावर मजुरीला उभा राहिला. बिनजमिनीची घरवापसी म्हणजे जुन्या गावगाड्यात नवा बलुतेदार भरती करणे होय.

म्हणजे बाबासाहेबांना खेड्यात वस्ती नकोच होती का? इथे आपल्यातलेच अनेकजण अर्धे बाबासाहेब वाचतात. 1942 च्या नागपूर अधिवेशनात अनुसूचित जातींसाठी स्वतंत्र गावांची मागणी झाली. 1947 च्या 'राज्ये आणि अल्पसंख्याक' या निवेदनात बाबासाहेबांनी वसाहत आयोग मागितला. सरकारची पडीक जमीन या आयोगाकडे सोपवावी आणि तिच्यावर आपल्या लोकांची गावे वसवावीत, अशी ती योजना होती. कुळ नको, जमीनदार नको, भूमिहीन मजूरही नको, अशी शेतीची कल्पना त्याच निवेदनात आहे. म्हणजे वैर मातीशी नव्हते. बाबासाहेब मातीचा हक्क मागत होते आणि गावकीचा जाच नाकारत होते.

दादासाहेब गायकवाडांनी हाच धागा पुढे नेला. 6 डिसेंबर 1964 पासून देशभर झालेल्या भूमिहीनांच्या सत्याग्रहात लाखो माणसे तुरुंगात गेली. पुढे 14 एप्रिल 1990 पर्यंतची भूमिहीनांची गायरानावरची वहिवाट नियमित करण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनाला घ्यावा लागला, तो या चळवळीच्या रेट्यामुळे. 28 जानेवारी 2011 च्या जगपाल सिंग निकालाचा दाखला देऊन आज गायराने मोकळी करण्याची भाषा होते. पण शासनाच्या निर्णयाने भूमिहीनांना आणि अनुसूचित जाती-जमातींना दिलेल्या जमिनींचा अपवाद त्याच निकालात नोंदवलेला आहे, हे नोटीस काढणारे सांगत नाहीत. ते आपण वाचून सांगायला हवे. दादासाहेबांच्या नावाच्या सबळीकरण योजनेत भूमिहीनाला चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत मिळायची तरतूद आहे. पण आपल्या जिल्ह्यात सरकारी दराने जमीन विकायला कोण तयार आहे? विकणारा नसेल तर सरकारने स्वतःची पडीक जमीन द्यावी. बाबासाहेबांनी 1947 मध्ये हेच सांगितले होते.

म्हणून तरुण मित्रांनो, आमचे म्हणणे सरळ आहे. शहरात जा, शिका, कमवा, कोणाच्या भावनिक हाकेला भुलून मजुरीला परत येऊ नका. पण या दिवाळीच्या सुट्टीत गावी आलात की तलाठ्याकडे जा. आज्याच्या नावाचा सातबारा काढा, वारस नोंद लावा, मोजणीचा अर्ज टाका. जे रोज ये-जा करतात त्यांनी मतदार यादीतले नाव गावातच ठेवा, ग्रामसभा चुकवू नका आणि 15 टक्क्यांचा हिशेब लेखी मागा. गायरानावरच्या आपल्या घरांची कागदपत्रे गोळा करून ठेवा.

आणि ओस गावे पुन्हा वसवायची असतील, तर सरकारला आमची अट कळवा. आधी जमीन, पाणी, घर आणि हक्काचे स्मशान, मग निमंत्रण. माणगावच्या परिषदेत, 1920 मध्ये, याच जिल्ह्यातल्या एका खेड्यात आपल्या लोकांनी ताठ मानेने उभे राहायला सुरुवात केली. त्या ताठ मानेने राहता येणार असेल तरच आम्ही गावात राहायला येऊ.

जय भीम!