कोनफळाचे ओजोजो

कोनफळ हे काही भुसावळच्या मातीतले पीक नव्हे. येथे केळी, कापूस आणि भरिताची वांगी यांचे राज्य. परंतु तापीच्या खोऱ्यातून जाणाऱ्या लोहमार्गाने हे गाव सुरतेशी जोडलेले असल्यामुळे थंडीच्या दिवसांत जांभळ्या गराचे हे कंद आमच्या बाजारात दिसू लागतात. गुजराती मंडळी त्यास ‘रताळू’ म्हणतात, म्हणून आपल्या रताळ्याशी त्याची गल्लत होते. वास्तविक दोहोंचे कूळ निराळे. सुरतेजवळ डुमसच्या किनाऱ्यावर याच कंदाच्या चकत्या बेसनात बुडवून, वर मिरे-धणे पेरून तळतात.

आमच्या स्वयंपाकघरात मात्र कोनफळाची भजी आली ती फार दुरून. आमचा मुलगा नोकरीनिमित्त नायजेरियात, इबादान शहरी असतो. तो योरुबा लोकांचा मुलूख. घरमालकीणबाईंना तो ‘इया’ म्हणतो. त्यांच्या भाषेत इया म्हणजे आई. दूरध्वनीवर तो शब्द प्रथम कानी पडला तेव्हा आमच्या सौ. काही वेळ गप्प राहिल्या. पुढे मुलाला मलेरियाने गाठले. आम्हां उभयतांना जाणे शक्य नव्हते. ते दहा दिवस त्याच्या उशाशी त्या माउली बसल्या. ताप उतरून भूक परतल्यावर त्याने मागून खाल्ले ते त्यांच्या हातचे ओजोजो.

कृती सांगण्यास आम्ही विनविले. मुलगा दुभाष्या झाला. “पीठ किती घालायचे?” हा सौ.चा पहिला प्रश्न. इया हसल्या. पीठ मुळीच नाही! कंदाचा स्वतःचा चिकटपणाच सारे धरून ठेवतो. कोनफळ सोलून किसणीच्या बारीक बाजूने किसावे. कच्च्या कंदात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, त्यांनी हात खाजतात. म्हणून हातांना आधी तेल चोळावे. कीस हाताने फेटून हलका करावा. त्यात बारीक चिरलेला कांदा, कुटलेली मिरची व मीठ घालावे. बोटांनी लहान गोळे तेलात सोडून मध्यम आचेवर तळावे. आच मोठी झाली तर वरून काळपट आणि आत कच्चे राहते. तिकडे तांबडे पामतेलही वापरतात. आम्ही शेंगदाण्याचे वापरतो.

नवल असे की, योरुबा लोक ज्याला ‘एवुरा’ म्हणतात तो कंद आणि आपले कोनफळ एकाच जातीचे. ही जात मूळची आग्नेय आशियाकडील. शतकांपूर्वी ती आफ्रिकेत पोहोचली. जगातील निम्म्याहून अधिक याम आज एकट्या नायजेरियात पिकतो, पण त्यातला मोठा वाटा तेथल्या मूळच्या पांढऱ्या यामचा. मिरची तर त्यांनाही आणि आपल्यालाही अमेरिकेतून मिळाली. मग ताटातले परके कोणते म्हणावे?

प्रायश्चित्तकाळातील शुक्रवारी, मांस वर्ज्य असते तेव्हा, आता आमच्याकडे ओजोजो होतात. शेजारीपाजारी आवडीने खातात आणि नाव ऐकून हसतात.

यंदा इयांनी उलट मागणी केली. “मुलाच्या आईच्या हातचे एक तरी मला करता आले पाहिजे,” असा निरोप आला. ज्वारी तर मूळची आफ्रिकेचीच; पीठ तिकडे सहज मिळाले. सौ.नी फोनच्या पडद्यावर परातीत भाकरी थापून दाखविली. इयांच्या पहिल्या दोन मोडल्या, तिसरी फुगली. मुलगा टाळ्या वाजवीत होता. फोन ठेवल्यावर सौ. एवढेच म्हणाल्या, “आता त्याच्या दोन्ही आयांना भाकरी येते.”