एकतीस टक्के, पण कशाचे?

सोलापूर

प्रिय नीलू,

तू पाठवलेला मेसेज वाचला. ‘दर तीन भारतीय बायकांमागे एकीला ट्रिपल निगेटिव्ह कॅन्सर!’ घाबरलीस ना? फोनवर आपण तिसऱ्या मिनिटाला लोणच्यावर घसरतो, म्हणून बसून लिहितेय.

ट्रिपल निगेटिव्ह म्हणजे स्तनाच्या कॅन्सरचा तो प्रकार, ज्यात हार्मोनचे दोन आणि हर-टू असे तिन्ही रिसेप्टर सापडत नाहीत. आकडा अगदीच हवेतला नाही गं. २०१६ साली भारतातले १७ अभ्यास एकत्र करून सात हजारांहून जास्त रुग्णांचा हिशेब मांडला गेला, त्यात ३१ टक्के निघाले. तुमच्या अमेरिकेत हेच प्रमाण १० ते १५. पण टक्के कशाचे? स्तनाचा कॅन्सर ज्यांना झालाच आहे, त्यांच्यातले. मेसेजवाल्याने नेमकं तेवढंच गाळलं!

आता ढोबळ हिशेब कर. वयाचा फरक काढून टाकला, तर लाख बायकांमागे वर्षाला तुमच्याकडे नव्वदहून जास्त जणींना स्तनाचा कॅन्सर होतो, आपल्याकडे पंचविसेक जणींना. पंचविसाचे ३१ टक्के म्हणजे आठ. नव्वदाचे १२ टक्के धरले तरी अकराच्या घरात. म्हणजे आपल्याकडे ट्रिपल निगेटिव्हचं पीक आलंय असं नाही, बाकीचे प्रकार कमी आहेत. हार्मोनवर पोसणारे कॅन्सर वाढत्या वयात जास्त होतात, आणि आपली लोकसंख्या अजून तरुण आहे, त्यामुळे रुग्णांमधला ट्रिपल निगेटिव्हचा वाटा आणखी मोठा दिसतो.

शिवाय ते अभ्यास बहुतेक मोठ्या दवाखान्यांतले. तिथवर पोचल्या, त्याच मोजल्या गेल्या. आपल्या बार्शीची कॅन्सर नोंदणी १९८७ पासून गावोगाव फिरून रुग्ण टिपते. देशातली ती पहिली ग्रामीण नोंदणी. ट्रिपल निगेटिव्ह नेमके किती, याचं खरं उत्तर हवं तर तसंच मोजत बसायला हवं.

आणखी एक गोष्ट आहे, ती माझ्या, म्हणजे पॅथॉलॉजिस्टच्या टेबलावरची. ऑपरेशनमध्ये काढलेला अख्खा स्तन कधी कधी प्लॅस्टिकच्या लहानशा बरणीत कोंबून येतो. पेशी टिकवणारं फॉर्मालिन जेमतेम तळाला, गाठीला काप दिलेला नाही. सुरी फिरवली की आत मऊ, नासलेलं. फॉर्मालिन हळूहळू झिरपतं, तोवर आतली रिसेप्टरची प्रथिनं जातात आणि रिपोर्टवर ‘निगेटिव्ह’ उमटतं. टॅमॉक्सिफेनसारखी स्वस्त गोळी जिला लागू पडली असती, तिला ती मिळतच नाही. म्हणून मी आधी शेजारच्या निरोगी दूधनळ्यांवर रिसेप्टरचा रंग चढलाय का ते बघते. तिथेच चढला नसेल, तर तो निगेटिव्ह मी मानत नाही. हर-टूचं उत्तर अधांतरी आलं, तर ‘फिश’ तपासणी लागते. ती महाग, त्यामुळे पुष्कळदा राहूनच जाते. थोडक्यात, ३१ मधले काही टक्के बरणीने घडवलेले असतात.

सगळेच नव्हेत हं. आपल्याकडे हा आजार पाश्चात्त्य देशांपेक्षा सुमारे दहा वर्षं लवकर गाठतो, आणि तरुणपणीच्या कॅन्सरमध्ये तिन्ही निगेटिव्ह असण्याचं प्रमाण जास्तच. त्यांच्यावर हार्मोनच्या गोळ्या चालत नाहीत, हर-टूवरची औषधंही नाहीत. पण हात टेकायचं कारण नाही. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात अशा ७२० जणींवर चाचणी झाली. नेहमीच्या केमोला कार्बोप्लॅटिनची जोड दिली, तर पन्नाशीच्या आतल्या बायकांमध्ये पाच वर्षांनंतर हयात असणाऱ्यांचं प्रमाण शंभरात ६६ वरून ७७ वर गेलं. आणि कार्बोप्लॅटिन हे काही नवं, लाखालाखाचं औषध नव्हे, जुनंच आहे!

आता तुझं. तुझ्या धाकट्या मावशीला चाळिशीच्या आत झाला होता, म्हणून तुझी झोप उडाली, हे मला कळतं. त्या एकतीस टक्क्यांपेक्षा मावशीचं वय तुझ्यासाठी जास्त महत्त्वाचं. बीआरसीए-१ या जनुकात दोष असेल, तर होणारे कॅन्सर बहुतेक ट्रिपल निगेटिव्हच असतात, आणि तो दोष आईकडून येतो तसा वडिलांकडूनही येतो. तेव्हा मावशीचा जुना रिपोर्ट शोधायला सांग. सापडला तर मला फोटो पाठव, आणि तिकडच्या जनुक-सल्लागाराची वेळ घे. मावशीची तपासणी आधी झाली तर उत्तम, मग तुझ्या रिपोर्टचा अर्थ नीट लागेल.

आणि तो मेसेज आणखी कुणाला पाठवू नकोस. पाठवायचाच असेल, तर खाली लिही: ‘टक्के कशाचे, ते विचारा.’

लोणच्याचं फोनवर बोलू.

तुझी,
सुधा