रात्रीची वामकुक्षी

झोप उडण्याची प्रतिष्ठित कारणं पुष्कळ आहेत. प्रेमिकांना विरह जागवतो, पुढाऱ्यांना देशाची चिंता आणि वधूपित्याला मांडवाचा खर्च! पण आंबट ढेकरेनं दचकून उठलेला नायक मराठी वाङ्मयात माझ्या तरी पाहण्यात नाही. गेली वीस वर्षं मी मराठी शिकवतो आहे, तेव्हा या अन्यायाची दाद मीच मागायला हवी.

दिवसा हे दुखणं तसं सभ्यपणानं वागतं. अन्ननलिका जिथं जठराला मिळते तिथं स्नायूंचं एक कडं असतं. ते अवेळी सैल पडलं की जठरातलं आम्ल वर चढतं. माणूस उभा असला तर गुरुत्वाकर्षण त्याला खाली ओढतं आणि नकळत गिळली जाणारी लाळ उरलंसुरलं धुऊन काढते. आडवं झालं की पहिला पहारेकरी रजेवर जातो. झोप लागली की लाळ जवळजवळ सुटतच नाही आणि गिळणंही क्वचित होतं. मग दिवसा उभ्या उभ्या येऊन जाणारा हा पाहुणा रात्री मुक्काम ठोकतो. पुन्हा गंमत अशी की, जळजळ झोप मोडते आणि अपुऱ्या झोपेनं अन्ननलिका अधिकच हळवी होते.

रात्री दोन वाजता छातीवर हात ठेवून बसलेल्या माणसाला मात्र यातली गंमत दिसत नाही. "अहो, डावा हात दुखतोय का?" हा सौभाग्यवतीचा प्रश्न ऐकून तर नुसत्या पित्तानंही घाम फुटावा! आमच्या डॉक्टरांनी आधी कार्डिओग्राम काढला, तो निर्दोष निघाला, तरीही बजावलं, "छातीवर दाब आला, घाम सुटला, कळ हाताकडे किंवा जबड्याकडे गेली, तर पित्त म्हणून सोडा पीत बसू नका. सरळ इस्पितळ गाठा."

मग त्यांनी तीन गोष्टी सांगितल्या. पहिली, खाटेचे उशाकडचे पाय सहा इंच उंच करायचे. नुसता उशांचा ढीग नको, त्यानं पोट दुमडतं. मी ठोकळे लावले. "ही खाट की घसरगुंडी?" असा अभिप्राय घरातून मिळाला. दुसरी, डाव्या कुशीवर झोपायचं. त्या कुशीवर जठराची पिशवी अन्ननलिकेच्या तोंडाच्या खाली राहते. हे ऐकून माझ्यातला मास्तर जागा झाला. वाम म्हणजे डावी, कुक्षी म्हणजे कूस! आपण दुपारच्या कुठल्याही डुलकीला वामकुक्षी म्हणतो आणि शब्दातली डावी बाजू खुशाल विसरतो.

तिसरी गोष्ट अवघड होती. जेवण आणि झोप यांत तीन तासांचं अंतर हवं. आमची मुलगी मुंबईच्या कचेरीतून लोकलनं डोंबिवलीला पोचते ती रात्री सव्वानऊला. सकाळी सातला ती बाहेर पडते. चौघांनी एकत्र बसण्याचं आमचं एकच ठिकाण, साडेनऊचं जेवण. पोटाच्या स्वास्थ्यासाठी तेवढंही सोडायचं?

तोड सौभाग्यवतीनं काढली. मी साडेसातला जेवून घेतो आणि साडेनऊला वाढायला बसतो. वाढणाऱ्याला बरंच कळतं. मुलगा भाजी आमटीखाली दडवतो. मुलीला भात थोडाच लागतो, पण तो दुसऱ्यांदा विचारल्यावर. आणि सौभाग्यवती सगळ्यांचं होईपर्यंत स्वतः ताक घेत नाही.

परवा मुलगी भात कालवता कालवता थांबली. "बाबा, मला ही नोकरी सोडावीशी वाटते," म्हणाली. गेले तीन महिने तिनं ते पोटात ठेवलं होतं. माझ्या तोंडात घास नव्हता, पुढ्यात पान नव्हतं आणि उठायची घाई नव्हती. मी आमटीची पळी खाली ठेवली.

बोलता बोलता साडेअकरा वाजले. मी डाव्या कुशीवर वळलो तेव्हा तिच्या खोलीतला दिवा मालवलेला होता. एरवी तो एकपर्यंत जळत असतो.