एका अक्षराची जागा

मला शिलालेख वाचण्याची हौस आहे. राजेरजवाड्यांचे नव्हेत, त्यांत दानांच्या आणि विजयांच्या बढायाच फार. मला आवडतात ते साध्या माणसांच्या थडग्यांवरचे.

इंग्लंडात चेस्टर म्हणून गाव आहे. रोमन लोक त्याला 'देवा' म्हणत. हे नाव तिथल्या नदीचे, आणि त्याचा अर्थ आपल्या 'देवी'शी सख्खे नाते सांगणारा! इ. स. ८७ च्या सुमारास रोमचे विसावे सैन्यदल साम्राज्याच्या या टोकाला येऊन राहिले. त्या लोकांच्या थडग्यांचे दगड पुढे कुणीतरी उचलून चक्क गावच्या तटात घातले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ते बाहेर निघाले. आता ते तिथल्या ग्रोव्हनर संग्रहालयात आहेत. ज्यांनी थडगी मोडली त्यांनीच ती जपली, म्हणायचे.

एका दगडावर तीन मुले आहेत. अतिलियानुस आणि अंतिअतिलियानुस १० वर्षांचे, बहुधा जुळे (दुसऱ्याचे नाव ठेवताना कुणी फारसे डोके चालवलेले दिसत नाही), आणि प्रोतुस १२ वर्षांचा. खाली दगड उभारणाऱ्याचे नाव, पोम्पेयुस ओप्तातुस. आणि त्यापुढे एकच शब्द : मालक. म्हणजे पोरे गुलाम. गुलाम पोरांसाठी दगडाला पैसे मोजणारा हा मालक कसा असेल, हा विचार मला पुष्कळदा पडतो.

पण माझे पाऊल अडते ते दुसऱ्याच एका दगडापाशी. तो वरून फुटला आहे; माणसाचे नाव गेले. उरले ते एवढेच : लुकिलियुस इंगेनुउस या शतनायकाच्या हाताखालचा हा अधिकारी, स्वतः शतनायक होण्याची वाट पाहत होता, आणि जहाज फुटून मेला. साहेबाचे नाव तेवढे राहिले! कचेरीत जन्म काढलेल्या वाचकांना याचे नवल वाटणार नाही.

रोमन थडग्यांवर शेवटी पुष्कळदा तीन अक्षरे असत : एच, एस, ई. 'येथे विसावला आहे' या अर्थाच्या तीन शब्दांची ती आद्याक्षरे. या दगडावर एस आहे, ई आहे. एच मात्र नाही. एच म्हणजे 'येथे'. देहच हाती लागला नव्हता, मग 'येथे' कसे म्हणायचे? समुद्राने कधी तो परत दिलाच, तर अक्षर कोरता यावे म्हणून जागा सोडली, असे विद्वान सांगतात.

पाथरवटाला ती सोडायला कुणी सांगितले असेल? बरोबरीच्या शिपायांनी, की घरच्या कुणी? एक अक्षर कोरायला कितीसा वेळ लागतो! त्या जागी दगड अजून कोराच आहे.